दुसऱ्या पायरीपर्यंतची शिडी

वर, म्हणजे अगदी स्वर्गापर्यंत, पोहोचण्यासाठी माणसाने आजवर दोनच साधने शोधली आहेत. एक प्रार्थना आणि दुसरी शिडी. प्रार्थना कुठवर पोहोचते ते छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. शिडीचे तसे नाही, ती कुठवर पोहोचते ते खाली उभ्या असलेल्या कोणालाही दिसते. मित्रांनो, मी त्या थोर कुळातली आहे. मी एक जुनी लाकडी शिडी आहे. उघडली की चार पायांवर उभी राहणारी, आठ पायऱ्यांची. माणसे माझ्या दुसऱ्या पायरीपर्यंत चढली.

त्यापुढे एकदाच एक बाई गेली. तिलाही हाक मारून खाली उतरवले. ही त्याचीच गोष्ट आहे. मी कुरकुर म्हणून सांगत नाही. कुरकुर करायला माझी बिजागरी आहे.

माझा जन्म ओहायोतल्या एका कारखान्यात झाला. बाळ जन्मले की त्याच्या कानात नाव सांगतात. माझ्या अंगावर इशारे चिकटवले. विजेच्या तारेजवळ नेऊ नये. उतारावर उभी करू नये. दारू पिऊन चढू नये. आणि सर्वांत वर, लाल अक्षरांत, या पायरीवर उभे राहू नये. ती पायरी मग केली कशाला, असे मला लहानपणी वाटे. पुढे चर्चमध्ये राहायला गेल्यावर असे प्रश्न पडेनासे झाले.

चर्चने मला विकत घेतले ते सभागृहाचे दिवे बदलण्यासाठी. मी आल्यावर कोणाच्या तरी लक्षात आले की, दिवे बदलताना माणूस पडला तर जबाबदार कोण, हे ठरलेले नाही. मग दिवे बदलायला एक कंपनी येऊ लागली. तिची माणसे स्वतःची शिडी आणत. मी तळघरात, घडीच्या खुर्च्या आणि नाताळच्या देखाव्यातले प्लॅस्टरचे मेंढपाळ यांच्यामध्ये उभी राहिले. मेंढपाळांना वर्षातून एकदा तरी बाहेर काढत.

मग एका जुलैत माझे नशीब उघडले. आमच्या चर्चची तरुण मंडळी दर उन्हाळ्यात केंटकीच्या डोंगरात सेवाशिबिराला जात. गरिबांची घरे दुरुस्त करायची, घाम गाळायचा, देवाचे नाव घ्यायचे आणि परत यायचे. घरांसाठी जाताहेत म्हटल्यावर शिडी हवीच. मला गाडीच्या टपावर बांधले. वारा लागत होता, खाली मुले गाणी म्हणत होती. आता आपण कुणाच्या तरी छपराला टेकणार, या विचाराने माझ्या पायऱ्या ताठ झाल्या होत्या.

गाडीत पंधरासोळा वर्षांची मुलेमुली असत, एकाच रंगाचे सदरे घातलेली. त्यांना सांभाळायला दोन मोठी माणसे. एक लोरेटा फ्लूगर. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. समोरच्याच्या नाकावरचा चष्मा तिरका दिसला की बोलता बोलता हात पुढे करून तो सरळ करायची तिला सवय होती. वर्षाच्या रजेतला एक आठवडा ती या शिबिराला देई. दुसरा ड्वाइट ऑस्टरमन. तो विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासायचा. त्यामुळे त्याला सगळे जग अपघाताच्या जरासे आधीचे दिसे. माणूस वाईट नव्हता. मुलांच्या नाकाला ऊन लागू नये म्हणून मलम घेऊन त्यांच्या मागे धावणारा माणूस वाईट कसा असेल?

शिबिर म्हणजे एक बंद पडलेली शाळा. एका वर्गात मुलगे झोपत, दुसऱ्यात मुली. पहिल्या दिवशी आमच्या चर्चचा पास्टर ट्रेव्हर पोचवायला येई, गिटार बाजूला ठेवून नियम सांगे आणि दुखरी पाठ घेऊन परत जाई. मुलगे निळे, मुली गुलाबी, आणि एकमेकांत मिसळून जांभळे कोणी व्हायचे नाही. हे तो दर वर्षी सांगे आणि मुले दर वर्षी नव्याने हसत. उरलेला आठवडा लोरेटा आणि ड्वाइट जांभळे कुठे होते आहे का, ते बघत फिरत.

दुसरा नियम माझ्यासाठी होता. मुलांनी शिडीच्या दुसऱ्या पायरीच्या वर पाय ठेवायचा नाही. तिसरा नियम मोठ्या माणसांसाठी. कोणत्याही मोठ्या माणसाने मुलांबरोबर एकटे राहायचे नाही. दोन मोठी माणसे कायम मुलांच्या आणि एकमेकांच्या नजरेत हवीत. हा नियम का करावा लागला असेल ते समजण्याइतकी मी जुनी आहे, मित्रांनो. नियम चांगलाच होता. फक्त तो करताना छपराचा विचार कोणाच्या मनात आला नव्हता.

आमच्या वाट्याला आलेले घर ऑर्फा सिझमोर या म्हातारीचे होते. ओढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराला पाठ लावून बसलेले लहानसे घर. काम आधीच ठरले होते, ओसरी रंगवायची. ऑर्फा ओसरीतल्या खुर्चीतून उठली, मुलांकडे बघितले, रंगाच्या डब्यांकडे बघितले.

“ओसरी बरी आहे माझी,” ती म्हणाली. “ओसरीत मी झोपत नाही.”

मग तिने लोरेटाला आत नेऊन पलंग दाखवला. चुलीचे धुराडे जिथून छपराबाहेर पडते तिथला पत्रा कुजला होता. पाणी नेमके पलंगावर गळायचे. नवरा गेल्यापासून त्याच्या जागेवर ऑर्फाने बादली ठेवली होती. “तो घोरायचा,” ती म्हणाली, “ही ठिबकते. संसार चाललाय.”

लोरेटा मागच्या बाजूला जाऊन बघून आली. तिथे डोंगर घराच्या इतका जवळ होता, आणि छप्पर इतके खाली, की मी उभी राहिले असते तर माझी पाचवी पायरी वळचणीला लागली असती. पत्र्याचा तुकडा, मूठभर खिळे आणि डांबराचा डबा, एवढेच काम होते. लोरेटाच्या वडिलांनी तिला लहानपणी गोठ्याच्या छपरावर चढवलेले होते. तिने मला उचलले.

“ड्वाइट, मी वर जाते. तू पोरांकडे बघ.”

“मग मी एकटा राहतो,” ड्वाइट म्हणाला.

“एकटा कसा? पोरं आहेत की.”

“तेच तर.”

लोरेटाने मला खाली ठेवले. “बरं, मग तू वर जा.”

“मग तू एकटी राहतेस.”

सगळ्यांनाच मागे नेऊ म्हणावे तर मागे उतार होता, सुटे दगड होते, आणि माझ्या अंगावरच लिहिले होते की उतारावर उभी करू नये. ड्वाइटने ते बोट ठेवून वाचून दाखवले. स्वतःच्या अंगावरची अक्षरे आपल्याच विरुद्ध साक्ष देताना ऐकणे फार वाईट असते.

ओसरी रंगवली. फिकट पिवळी. मुले माझ्या दुसऱ्या पायरीवर एकेक पाय ठेवून, हातात कुंचला घेऊन उभी राहिली आणि फोटो निघाले. निघताना लोरेटाने ऑर्फाचा चष्मा सरळ केला आणि म्हणाली, “पुढच्या वर्षी तिसरं मोठं माणूस घेऊन येते. छप्पर मी करून देणार. शब्द देते.”

“मी कुठं जातेय,” ऑर्फा म्हणाली.

पुढच्या वर्षी तिसरे माणूस मिळाले नाही. चर्चमध्ये लोरेटाने विचारले तेव्हा सगळ्यांना मनापासून यायचे होते. फक्त त्या आठवड्यात नाही. ओसरी हिरवी झाली. त्याच्या पुढच्या वर्षी ती पुन्हा पिवळी झाली, कारण कोणीतरी उरलेला रंग दान दिला होता. एका उन्हाळ्यात ऑर्फाने मुलांना विचारले की, तुमच्याकडे एखादा जांभळा नाही का रे? माझ्या आईची ओसरी जांभळी होती. मुले खुसखुसली. एक मुलगी हसता हसता रंगाच्या डब्यावर बसली. ड्वाइट कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला, “इथं जांभळं चालत नाही, मॅडम.”

ऑर्फाने नंतर लोरेटाला हळूच विचारले, “तुमच्या देवाचं जांभळ्याशी काय वाकडं आहे गं?”

रंगावर रंग चढत गेले. ओसरीचा जाळीचा दरवाजा जाड झाला, मग बंदच होईना. पाऊस मात्र आपल्या जुन्या वाटेने पलंगावर येत राहिला.

मध्ये एकदा शेजारचा आर्व्हिल आला. रस्त्याच्या पलीकडे राहणारा, गुडघ्याने जरा अधू, बरोबर म्हातारे कुत्रे. खांद्यावर पत्र्याचा तुकडा, हातात हातोडी. म्हणाला की, तुम्ही शिडी आणलीच आहे तर मी जातो वर, तासाभराचे काम आहे. लोरेटाचा चेहरा उजळला. मीही बिजागरी सैल केली. ड्वाइट पुढे झाला, अगदी नम्रपणे हात मिळवला, आणि विचारले की, मुलांच्या जवळपास वावरायचे तुमचे तपासणीचे प्रमाणपत्र आहे का?

“कसली तपासणी?” आर्व्हिलने विचारले.

“पोलिसांकडची. तुमच्यावर काही गुन्हा वगैरे नाही ना, त्याची. प्रत्येकाचीच होते, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तोवर तुम्ही रस्त्यापलीकडं थांबलात तर बरं.”

आर्व्हिलने कुत्र्याकडे बघितले. कुत्र्यानेही आर्व्हिलकडे बघितले. त्या खोऱ्यात तो साठ वर्षे राहत होता आणि ऑर्फाच्या नवऱ्याच्या शवपेटीचा एक कोपरा त्याने खांद्यावर घेतला होता. तो पत्रा घेऊन परत गेला. मुलांनी त्याला हात हलवून निरोप दिला. मुले मनाने फार चांगली होती.

आता माझ्या कौतुकाचे सांगते, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की मला चांगले दिवस आलेच नाहीत. शिबिराहून परतल्यावर चर्चमध्ये सेवेचा रविवार साजरा होई. पडद्यावर फोटो दाखवत. प्रत्येक फोटोत मी असे. एका वर्षी मला पांढरी फीत बांधून वेदीच्या शेजारी उभे केले आणि पास्टर ट्रेव्हरने माझ्याकडे हात करून सांगितले की, देव आपल्याला असाच पायरी पायरीने वर नेतो. टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईने डोळे पुसले. शेवटच्या रांगेत लोरेटा बसली होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. बाहेर पाऊस पडत होता आणि ती छताकडे बघत होती. आमच्या चर्चचे छत गळत नाही.

त्यानंतर तिने पास्टरला सरळच सांगितले की, या वर्षी तिसरे मोठे माणूस तुम्हीच. तो हो म्हणाला. त्याला पाठ दुखण्याचे कारण सांगायला वेळच मिळाला नाही.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला खरा उन्हाळा तोच. शेवटून दुसरा दिवस होता, आभाळ स्वच्छ होते. पास्टर आणि ड्वाइट मुलांपाशी ओसरीवर राहिले. लोरेटा मला घेऊन मागे गेली. डोंगर आणि भिंत यांच्यातली जागा तिने दगड रचून सपाट केली आणि माझे चारही पाय पक्के केले. ती पहिल्या पायरीवर चढली. दुसऱ्या. मग तिसऱ्या. माझ्या तिसऱ्या पायरीवरचा कारखान्यातला गुळगुळीतपणा अजून तसाच होता, तिचा बूट जरासा घसरला. चौथी, पाचवी. तिथून ती छपरावर ओणवी झाली आणि कुजलेला पत्रा उचकटू लागली. तो पापुद्र्यासारखा निघून आला. आतून ऑर्फाचा आवाज आला, “लेकी, मला आभाळ दिसायला लागलं.” लोरेटा हसली. इतक्या वर्षांत मी तिला असे हसताना ऐकले नव्हते.

तिने नवा पत्रा भोकावर ठेवला. खिळे तोंडात धरले. पहिला खिळा ठोकायला हातोडी उचलली, तेवढ्यात पुढच्या बाजूला ड्वाइटची शिट्टी वाजली.

केंड्रा नावाची मुलगी आणि एलायस नावाचा मुलगा दिसत नव्हते. एक मुलगी आणि एक मुलगा. दोघे एकाच वेळी. पास्टर ओरडला, “लोरेटा, खाली ये. सगळी मोठी माणसं खाली.”

लोरेटाने तोंडातले खिळे काढले. पत्र्यावर दोन दगड ठेवले. “आलेच मी,” ती छपराला म्हणाली, की मला म्हणाली, कोण जाणे. आणि उतरली.

दोघे सापडायला वेळ लागला नाही. ते ऑर्फाच्या खोलीतून बाहेर येत होते, बादलीचा एकेक कान धरून. रात्रीच्या पावसाने ती भरली होती आणि म्हातारीला उचलवत नव्हती. तिने जवळ दिसलेल्या या दोघांना हाक मारली होती. दोघांना आधी बादली खाली ठेवायला सांगितले. मग सगळ्यांना झाडाखाली गोल बसवून पास्टरने मोहाविषयी सांगायला सुरुवात केली. एलायस म्हणाला की, आम्ही पाणी टाकायला गेलो होतो. पास्टर म्हणाला की, सगळ्याची सुरुवात अशीच कशाने तरी होते. केंड्रा रडली. मग तिच्या मैत्रिणी रडल्या. मग सगळ्यांनी एकमेकांना क्षमा केली. क्षमा करण्यासारखे काहीच नव्हते, त्यामुळे फार वेळ लागला. लोरेटा दोनदा उठली आणि दोन्ही वेळा ड्वाइटने तिला खूण केली की, आत्ता या क्षणी मुलांना तुझी गरज आहे. ऊन उतरले. गाडी निघाली.

दुसरा दिवस मौजेचा, म्हणजे नदीत होड्या आणि तिथूनच परस्पर घरी. लोरेटाने वाटेत गाडी ऑर्फाच्या दारापुढे थांबवायला लावली. फार भांडावे लागले असणार, कारण सगळी मुले गप्प बसली होती. तिने मला टपावरून सोडवले आणि ओसरीत आणून ठेवले.

“दुसऱ्याच्या घरात शिडी ठेवायची म्हणजे,” ड्वाइट गाडीतून म्हणू लागला.

“विसरली असं समज,” लोरेटा म्हणाली. मग ऑर्फाकडे वळली. “शिडी इथंच राहू दे. मी स्वतः येते. पानं गळायच्या आत.”

“ये गं. घेवडा शिजवीन. मक्याचा पाव करीन.”

मग आलेल्या पहिल्या वादळात ते दोन दगड आणि तो पत्रा ओढ्यापर्यंत गेले.

आधी छपरातून पाणी ठिबकायचे, आता ते आत यायला लागले. ऑर्फाने पलंग ओढत ओढत चुलीपर्यंत नेला आणि मला आत आणून त्या जागी उभे केले. बादली जमिनीवर ठेवली तर उंचावरून पडणारे पाणी फार बोलते, म्हणून तिने बादली माझ्या डोक्यावर ठेवली, छताच्या अगदी जवळ. या पायरीवर उभे राहू नये, असे जिथे लिहिले होते तिथे. इतक्या वर्षांत माझ्या टोकापर्यंत पोहोचली ती एक बादली.

रोज सकाळी ऑर्फा माझ्या दुसऱ्या पायरीवर चढून सार वाढायच्या डावाने बादली उपसायची. मी फक्त हलायचे नाही, एवढेच माझ्या हातात होते. आर्व्हिल एकदा दाराशी आला आणि वर बघून म्हणाला की, मी करू का ते?

“नको रे,” ऑर्फा म्हणाली. “त्या बाईनं शब्द दिलाय. ती यायची आणि छप्पर आधीच झालेलं दिसायचं. तिला काय वाटेल?”

मग तिला खोकला लागला. मक्याचे पीठ फडताळात आणून ठेवलेले होते. एके सकाळी आर्व्हिलने तिला आपल्या गाडीतून जिल्ह्याच्या गावी रुग्णालयात नेले. तो एकटाच परत आला, चुलीतली राख काढली आणि दार लोटून गेला.

लोरेटा आली तेव्हा पाने गळून गेली होती. एकटीच, आपल्या लहान गाडीने. मागच्या डिकीत पत्रा, खिळे आणि डांबर होते. दार ढकलून ती आत आली. चुलीला लागलेला पलंग बघितला, मला बघितले, माझ्या डोक्यावरची बादली बघितली. आर्व्हिल रस्ता ओलांडून आला होता, त्याने दारातूनच तिला ऑर्फा गेल्याचे सांगितले. ती माझ्या पहिल्या पायरीवर बसली.

आर्व्हिलने विचारले, “आज एकटीच आलात?”

“हो.”

“मग आधी का नाही आलात?”

लोरेटाने सांगितले की, चर्चने तिला सेवेतून मोकळे केले होते. छपरावर चढून मुलांवरचे लक्ष सोडले म्हणून. केक कापला, फूल दिले, आभार मानले. मग बरोबर यायला ती दुसरे माणूस शोधत होती. आधी या आठवड्यात कोणाला तरी जमेल, मग पुढच्या. दुसरे माणूस मिळालेच नाही.

“दुसरं माणूस कशाला?”

“एकटीनं यायला परवानगी नाही ना.”

“पण पोरं कुठं होती आता बरोबर?”

लोरेटा अजून माझ्या पहिल्या पायरीवरच बसलेली होती. मी लाकूड आहे, माणसाच्या वजनावरून मला बरेच कळते. त्या क्षणी ती एकदम जड झाली. इतके उन्हाळे तिने तो नियम पाळला होता की तो अंगात मुरला होता. मुले नसतील तेव्हा तो लागू होत नाही, हे तिला कोणी सांगितले नव्हते, आणि तिला स्वतःला नोव्हेंबरपर्यंत सुचले नव्हते.

“तुम्ही का नाही केलंत?” तिने हळूच विचारले. “तुमच्याकडे पत्रा होता.”

आर्व्हिलने गुडघा चोळला. “आधी मी प्रमाणपत्राची वाट बघत होतो,” तो म्हणाला, आणि स्वतःच कडवट हसला. “खरं सांगू? दर उन्हाळ्यात तुम्ही लोक शिडी घेऊन यायचात. मला वाटलं, एवढी माणसं येताहेत तर करतीलच की. मध्येच आपण कशाला तडमडायचं? शेवटी तिला विचारलं, तर ती नको म्हणाली. तुम्हाला वाईट वाटेल म्हणाली.”

लोरेटाने चष्मा काढला आणि तसाच हातात धरून बसली. मग उठली, माझ्या दुसऱ्या पायरीवर चढली, बादली उतरवली आणि ओसरीपलीकडे नेऊन ओतली. परत आणून ती जिथे होती तिथेच ठेवली. छपरावर ती चढली नाही. आता ते कोणासाठी करायचे होते? पत्रा, खिळे आणि डांबर तिने ओसरीच्या कोपऱ्यात ठेवले. आर्व्हिलचा चष्मा जरा तिरका होता. जाताना तिने हात पुढे केला आणि मग मागे घेतला.

ती त्या चर्चमध्ये पुन्हा गेली नसावी. गेली असती तर तिकडे ऑर्फाची बातमी कळली असती. पण ती कळली नाही. कळली असती तर जुलैत गाडी आली नसती, आणि ती आली.

मी आत आहे, मित्रांनो. मला फटीतून दिसते आहे. सदरे या वर्षी केशरी आहेत. ड्वाइट आहे, आणि त्याच्याबरोबर एक नवे मोठे माणूस, नव्या अॅल्युमिनियमच्या शिडीसह. ती चमकते आहे. मला तिच्याविषयी वाईट वाटते. ड्वाइटने दार वाजवले. कोणी उघडले नाही. म्हातारी डॉक्टरकडे गेली असेल, तो म्हणाला, आपण काम सुरू करू या, आली की तिला आनंद होईल. कोपऱ्यातला पत्रा आणि डांबराचा डबा त्यांनी नीट उचलून गवतात ठेवले, कारण त्याखालची फळी रंगवायची राहिली असती. रंग फिकट पिवळा आहे. आर्व्हिल रस्त्यापलीकडे कुत्र्याजवळ उभा आहे. मघाशी त्याने हाक मारून काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, तेव्हा मुलांनी त्याला हात हलवून निरोप दिला.

अशा आत्मवृत्ताच्या शेवटी काहीतरी बोध सांगायची रीत आहे, तेव्हा सांगते. शिडीची निगा राखा. तिला ओलीत ठेवू नका. बिजागरीला वर्षातून एकदा तेल घाला. आणि तिच्याशेजारी फोटो काढण्याआधी एकदा वर बघा, कोणाचे छप्पर तिची वाट बघत नाही ना. लहान मुलांनी चढू नये हे बरोबरच आहे. पण ज्यांना चढायचे वय आले आहे त्यांनी चढावे, आणि जो पत्रा घेऊन दाराशी आला आहे त्याला रस्त्यापलीकडे उभे करू नये.

खरे तर मला असे बरेच काही सांगायचे होते. पण काल रात्रभर पाऊस झाला, आणि बाहेर एक मुलगी आत्ताच म्हणाली की, आतून काहीतरी ठिबकल्याचा आवाज येतो आहे, मी बघून येऊ का? ड्वाइट तिला म्हणाला की, एकटीने जायचे नाही.

तर मित्रांनो, दोघे तिघे मिळून या, हवे तर मोठ्या माणसांनाही आणा. पण कोणीतरी आत या आणि ही बादली तेवढी रिकामी करा. ती काठोकाठ भरून माझ्या पायऱ्यांवरून खाली उतरते आहे.